घरचं उदाहरण

विश्वासराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ज्या भागात बंदुका जास्त आणि नळ कमी, अशा भागात जाऊन माणसांचा माणसांवरचा विश्वास कसा वाढवावा हे शिकवायचा त्यांचा धंदा होता. म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी पाठीमागे हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. परदेशातून मदतनिधी येतो, त्यातून कुठेतरी पंप बसतो, पंपावरून दोन वस्त्या एकमेकींची डोकी फोडतात, आणि मग निधी देणाऱ्यांना प्रश्न पडतो की आपण नेमकं पाणी दिलं की रॉकेल. अशा वेळी विश्वासरावांना बोलावणं जायचं. ते जायचे, लोकांचे गट पाडायचे, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायचे आणि परत येऊन जाडजूड अहवाल लिहायचे. अहवालाचं सार दरवेळी एकच असे: विश्वास वाढायला वेळ लागतो, सबब मुदत वाढवून द्यावी. मुदत वाढवून मिळायची, म्हणजे निधी देणाऱ्यांचा तरी विश्वास वाढत होता म्हणायचं.

तर असे हे विश्वासराव मेजरच्या खोलीत बसले होते आणि त्यांना घाम फुटला होता.

मेजर म्हणजे ऑफिसचे सुरक्षा-प्रमुख. सैन्यातून निवृत्त झालेले, पण सैन्य त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं. खिडकीला वाळूची पोती रचलेली, त्यामुळे भर दुपारीही खोलीत ट्यूबलाइट जळायची. अशांत भागात जाणाऱ्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी मेजरना एक ओळखीचा प्रश्न द्यायचा, असा नियम होता. उद्या कुणी पळवून नेलं आणि फोन आला की तुमचा माणूस आमच्या ताब्यात आहे, तर तो खरोखर तोच आहे का आणि जिवंत आहे का, हे तपासायला तो प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर मेजर सोडले तर जगात फक्त दोघांना ठाऊक हवं, ज्याचं त्याला आणि त्याच्या घरच्या एकाला.

"त्यात काय," विश्वासराव म्हणाले. "विचारा, मी सासऱ्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा काय सांडलं?"

"चहा," मेजर वर न बघता म्हणाले. "त्यांच्याच मांडीवर."

"बरं. आमची मुलगी शाळेत कुणाला चावली?"

"मुख्याध्यापिकांना."

"बायको कशाला घाबरते?"

"पालीला. आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर, त्याला."

"सासूबाईंची कवळी..."

"पाण्याच्या ग्लासात होती आणि ते पाणी तुम्ही प्यायलात." मेजरनी पेन खाली ठेवलं. "सर, तुमची कार्यशाळा आम्हा सगळ्यांना सक्तीची होती. मी पहिल्या रांगेत बसलो होतो."

विश्वासरावांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. छतावरचा पंखा फिरत होता, पण त्यातून काही सुचत नव्हतं.

"राग मानू नका सर," मेजर शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "पण तुमच्याकडे खाजगी असं काही शिल्लक आहे का?"

प्रश्न झोंबणारा होता, पण खोटा नव्हता. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही जगाची रीत. विश्वासरावांनी ती उलटी केली होती. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसे, आणि स्वतःचं घर त्यांनी देशोदेशी उघडं टाकलेलं. ह्याला ते 'घरचं उदाहरण' म्हणायचे. एकमेकांचे गळे धरणारी माणसं समोर बसली की त्यांना सिद्धांत सांगून उपयोग नसतो, आधी स्वतःचं काहीतरी उघडं करावं लागतं, मग समोरचा सैल पडतो, अशी त्यांची विद्या. विद्या खरी होती. फक्त उघडं करायचं ते स्वतःचं, ह्यात बायको, मुलगी आणि सासूबाईंची कवळी येत नाही, एवढा बारकावा त्यांच्या ध्यानात आला नव्हता. तोंडात तीळ भिजत नाही अशी माणसं गल्लोगल्ली असतात. पण त्या गुणाचे रोजच्या हिशेबाने पैसे, वर विमानाचं तिकीट मिळवणारे आमचे विश्वासरावच.

सगळ्या उदाहरणांत सरस ते बाल्कनीचं. लग्न नवं होतं. कशावरून तरी जुंपली, विश्वासराव तणतणत टॉवेल वाळत घालायला बाल्कनीत गेले आणि बायकोनं आतून कडी लावली. अंगात बनियन, समोरच्या इमारतीतली यच्चयावत मंडळी आपापल्या खिडक्यांत. विश्वासरावांनी ना दार ठोठावलं, ना आरडाओरडा केला. बादली उपडी घालून त्यावर बसून राहिले. शेवटी आतून आवाज आला, "आता तरी ऐकाल का?" हे म्हणाले, "ऐकतो." आणि दार उघडलं. इथे विश्वासराव एक पॉझ घ्यायचे, सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "विश्वासाचं दार ढकलून उघडत नाही. त्याची कडी आतून असते." टाळ्या पडायच्या. हे वाक्य पुढे बॅनरवर आलं, पिशव्यांवर आलं आणि कार्यशाळेत फुकट वाटायच्या टोप्यांवरही आलं.

बायकोला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर तिच्या टेबलावर लोक गुडघे आणि खांदे घेऊन पडायचे आणि गुडघा वाकता वाकता मनातलं सगळं बोलून टाकायचे. सुनेचं, भावाचं, न झालेल्या लग्नाचं. तिनं त्यातला चकार शब्द कधी घरी आणला नाही. मग एकदा विश्वासरावांच्या जुन्या कार्यशाळेतले एक उपसंचालक गावात आले आणि घरी जेवायला आले. चपला काढता काढता म्हणाले, "वहिनी, ती बाल्कनी कुठली हो?" बाल्कनी दाखवली, तर त्यांनी बादली मागितली, उपडी घातली, तिच्यावर बसून फोटो काढून घेतला आणि कडीला हात लावून पाहिला. जेवताना कवळीची चौकशी केली. बायकोनं त्यांना आग्रहानं वाढलं.

विश्वासरावांना वाटलं, पाहुणे गेल्यावर भांडेल. भांडली असती तर त्याचंही एक उदाहरण झालं असतं. ती भांडली नाही. तिनं फक्त त्यांना काही सांगणं बंद केलं. "आज काय विशेष?" विचारलं की "काही नाही." मुलगीसुद्धा आईला खुणावायची, "आत्ता नको, बाबांची सोमवारी कार्यशाळा आहे." एकदा दौऱ्यावरून परतताना विश्वासराव परस्पर तिच्या दवाखान्यात गेले, म्हटलं जरा चकित करू. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान. दुकानदार भला माणूस, त्यानं दवाखान्याचा नवा पत्ता समजावून दिला आणि विचारलं, "तुम्ही पेशंट का?"

विश्वासराव "हो" म्हणाले.

घरी विचारलं तर ती म्हणाली, "राहून गेलं सांगायचं." त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला एकच गोष्ट लागून राहिली. तिनं आपल्याला पुन्हा काहीतरी सांगावं. मोठं नको, एखादा पेशंट छत्री विसरला एवढं सांगितलं तरी चालेल. विश्वास कसा मिळवावा यावर त्यांची जाड पुस्तिका होती, तीन भाषांत भाषांतर झालेली. तिच्यातलं काहीही घरी लागू पडत नव्हतं.

हे सगळं मेजरना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी सरळ विश्वासरावांच्या बायकोला स्पीकरवर फोन लावला.

"काका, अजून थोडा वाकवा. श्वास सोडा. हां, बोला मेजर," पलीकडून आवाज आला. मेजरनी अडचण सांगितली. बायकोनं काकांचा गुडघा खाली ठेवला. मग म्हणाली, "त्यांना विचारा, बाल्कनीच्या दाराआडून मी काय म्हणाले होते."

"'आता तरी ऐकाल का.' वहिनी, ते आमच्या शिपायालाही पाठ आहे."

"ते नव्हे. खरंच काय म्हणाले होते, ते."

विश्वासरावांनी खुर्चीत चुळबुळ केली. मेजरनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पेन उचललं. "उत्तर सांगून ठेवा."

"उत्तर माझ्याजवळच राहू दे. वेळ आली तर मला फोन लावा, मी बरोबर की चूक ते सांगेन."

"नियमाप्रमाणे ते माझ्याकडे..."

"मेजर, ह्यांच्या ऑफिसात सांगितलेली गोष्ट कुठे कुठे जाऊन येते, ते मी बघितलंय," ती म्हणाली, आणि काकांच्या दुसऱ्या गुडघ्याकडे वळली.

तर खरं हे असं होतं. बाल्कनी खरी, बनियन खरं, बादलीही खरी. "आता तरी ऐकाल का" एवढं मात्र ती कधी म्हणालीच नव्हती. दाराला टेकून, हळू आवाजात ती निराळंच काहीतरी म्हणाली होती. ते वाक्य विश्वासरावांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं आणि ह्यात त्यांचा मोठेपणा काडीचाही नाही. त्या वाक्यावर कुणी हसलं नसतं. उदाहरणात ते बसत नव्हतं, म्हणून त्यांनी ते काढून दुसरं बसवलं होतं. उधळपट्टी करणाऱ्याच्या खिशात फाटक्या अस्तरामागे एखादं नाणं राहून जावं, तसं ते राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी विश्वासराव ऑफिसच्या गाडीतून कामगिरीवर निघाले. पंपावरून भांडणाऱ्या दोन वस्त्या एका रिकाम्या धान्याच्या गोदामात दोन बाजूंना बसल्या होत्या, मध्ये एक म्हैस आरामात झोपेल एवढी जागा सोडून. विश्वासरावांनी बाल्कनी सांगितली. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी हसल्या, आणि त्यांनी टिपून ठेवलं: 'हास्यातून जवळीक.' पंपाचा वॉशर कधी येणार, असं कुणीतरी विचारलं. तो मुद्दा त्यांनी पिवळ्या चिठ्ठीवर लिहून 'नंतर पाहू' या मथळ्याखाली चिकटवला. एकंदरीत कार्यशाळा उत्तम झाली.

परतताना घाटाखालच्या चौकीवर गाडी अडली. रस्त्यात दोन पिंपं, त्यांवर आडवं लाकूड, बाजूला पत्र्याची शेड आणि दोन बाकं. चौकी सरकारची नव्हती, पण सरकारच्या विरुद्ध होती असंही नाही. ह्या भागात अशा बऱ्याच चौक्या होत्या. चौकीप्रमुख बंदूक खांद्याला लावून पुढे आला, त्यानं गाडीत वाकून पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

"कडी आतून असते!" तो ओरडला.

त्याच्या डोक्यावर विश्वासरावांच्याच कार्यशाळेची टोपी होती. शस्त्रं खाली ठेवणाऱ्यांसाठी मागे एक कार्यशाळा झाली होती, तिथला हा विद्यार्थी. शस्त्रं त्यानं नंतर पुन्हा उचलली, पण टोपी टाकली नव्हती.

गळाभेट झाली. पण पुढच्या वळणावर गोळीबार चालू होता आणि चौकीतला एकजण मांडीला गोळी लागून विव्हळत पडला होता. चौकीप्रमुखानं विश्वासरावांची गाडी ड्रायव्हरसकट उसनी घेतली आणि जखमीला दवाखान्याकडे रवाना केलं. विश्वासरावांनी मोठ्या मनानं होकार दिला. गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपला फोन आणि वायरलेस दोन्ही गाडीतच गेले.

गाडी लवकर येईना. नुसतं बसवेना म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली. पहारा कुणी कधी करायचा यावरून चौकीतल्या लोकांत धुसफूस होती. विश्वासरावांनी त्यांचे दोन गट पाडले आणि जमिनीवर काडीनं रेघा ओढून एकमेकांच्या अपेक्षा मांडायला लावल्या. आधी नुसती धुसफूस होती, अपेक्षा मांडून झाल्यावर मारामारी झाली. चौकीप्रमुखानं ती सोडवली आणि कपाळाला हात लावला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची गत झाली होती.

"सर," तो अजिजीनं म्हणाला, "ऊन उतरतंय. अंधार पडायच्या आत आम्ही खालची चौकी सोडून वर डोंगरात जातो. मग इथे दुसरे येतात. ते आमच्यासारखे कार्यशाळेला गेलेले नाहीत."

"मग मी तुमच्याबरोबर वर येतो."

"नको नको! वर आधीच फार भांडणं आहेत."

शेडमध्ये आणखी दोघंजण होती: चौकीतल्या लोकांची दाढी करायला आलेला न्हावी आणि कोंबड्यांचा पिंजरा घेतलेली एक बाई. दोघंही जवळच्या वस्तीतली, पायवाटेनं घरी जाणारी. विश्वासरावांना नेणारं कुणी नव्हतं. इतका वेळ त्यांना भीती अशी वाटली नव्हती, कारण ते बोलत होते. आता सावल्या लांबल्या, आणि त्यांची पाचावर धारण बसली.

चौकीप्रमुखानं स्वतःचा फोन काढला. ऑफिसचा नंबर कुणाला पाठ नव्हता, पण तो टोपीवर आतून छापलेला होता. फोनला जुनं दुखणं होतं. कानाला लावून ऐकू येत नसे, स्पीकर लावला तरच आवाज फुटायचा. पलीकडून मेजर गरजले आणि कोंबड्या दचकल्या.

"मेजर, मी बोलतोय!" विश्वासराव ओरडले. "घाटाखालच्या चौकीवर आहे. सुखरूप आहे. गाडी पाठवा, लवकर."

"कोण मी?"

"अहो, मी! सल्लागार!"

"दुपारी कुणाचा तरी फोन येऊन गेला," मेजर थंडपणे म्हणाले. "तुमचा सल्लागार आमच्याकडे जुन्या गिरणीत आहे, म्हणाला. पुरावा मागितला, तर त्यानं चहाचं सांगितलं, कवळीचं सांगितलं, बाल्कनीचंही सांगितलं. मध्ये पॉझसुद्धा घेतला, आणि ओळखीचा प्रश्न विचारायच्या आत फोन ठेवून दिला. तुमचा आवाज खरखरतोय, कुणाचाही असू शकेल. दुसरी गाडी घाटाच्या अलीकडे पुलाशी उभी आहे, पण गिरणीकडे पाठवू की चौकीकडे? चुकीच्या हाकेला पाठवली तर गाडीतली माणसंही जायची."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. विश्वासरावांनी इतकी वर्षं स्वतःला इतकं वाटून टाकलं होतं की आता कुणीही विश्वासराव होऊ शकत होता. आपण आपणच आहोत, हे पटवायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. होतं ते एक वाक्य.

"प्रश्न विचारा," ते म्हणाले. "तिला फोन लावा."

मेजरनी तिलाही लाइनवर जोडून घेतलं. बराच वेळ घरघर झाली आणि मग आवाज आला, "हं." एवढंच. पण त्या 'हं'वरून विश्वासरावांना कळलं की तिला दुपारपासून सगळं ठाऊक आहे आणि ती दुपारपासून बसलेली नाही.

"ओळखीचा प्रश्न," मेजर म्हणाले. "बाल्कनीच्या दाराआडून त्या खरंच काय म्हणाल्या होत्या? संभाषणाची नोंद होत आहे."

चौकीप्रमुख पुढे झुकला. ही गोष्ट त्याला पाठ होती आणि तिला आणखी एक शेवट आहे हे त्याला आजच कळत होतं. पहाऱ्यावरची माणसं पहारा सोडून आली. न्हाव्यानं अर्धी दाढी तशीच ठेवली. कोंबडीवाली बाकावरून सरकून जवळ आली. सगळ्यांचे डोळे विश्वासरावांवर, आणि विश्वासरावांनी सवयीनं एक पॉझ घेतला. सगळ्यांवरून नजरही फिरवली.

तेव्हा त्यांना ते ऐकू आलं. आपलं बोलणं नव्हे, तिचं. दाराच्या फटीतून आलेलं, नाक चोंदलेल्या आवाजातलं, त्या वयातलं. तिनं ते एकदाच म्हटलं होतं आणि एकाच माणसाला म्हटलं होतं.

"स्पीकर बंद होईल का?" त्यांनी विचारलं.

"नाही होत, सर," चौकीप्रमुख म्हणाला. "पाहिजे तर सगळ्यांना लांब पाठवतो."

"मी लाइनवर राहणार," मेजर म्हणाले. "आणि नोंद होणार. नियम आहे."

विश्वासरावांनी तोंड उघडलं. मिटलं. कपाळाचा घाम पुसला.

"मग नाही सांगत," ते म्हणाले.

"काय?"

"नाही सांगता येणार, मेजर. ते तिचं आहे."

मग बायकोचा आवाज आला, अगदी सरळ, पेशंटला व्यायाम सांगावा तसा. "मग हे आमचे नव्हेत, मेजर."

"अगं!" विश्वासराव किंचाळले.

"आमच्यांना मी ओळखते. आमचे असते तर कधीच सांगून मोकळे झाले असते. वर त्यातून तीन मुद्दे काढले असते."

"बाई, हेच आहेत हो!" चौकीप्रमुख फोनवर तुटून पडला. "दुपारपासून नुसते मुद्देच काढतायत! घेऊन जा ह्यांना!"

"सांगून टाका की, दादा," कोंबडीवाली कळवळून म्हणाली. "बायकोच म्हणतेय तर सांगा. आम्ही कुणाला सांगणार आहोत?"

"आमच्या पोटात राहतं," न्हावी म्हणाला, आणि हे एखाद्या न्हाव्यानं म्हणावं याचं तिथे कुणालाच हसू आलं नाही. ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं. चौकीतल्या दोघांनी सामान आवरायला घेतलं.

धैर्य वगैरे विश्वासरावांत कधीच नव्हतं. साध्या इंजेक्शनला ते तोंड फिरवायचे, आणि हेही सगळ्या जगाला ठाऊक होतं. सांगून टाकावं, चार शब्दांचं तर काम, असं त्यांना कळवळून वाटलं. पण ते चार शब्द ह्या शेडमध्ये एकदा पडले की उद्या टोपीवर येतील, हेही त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

"नको," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "गाडी नाही आली तरी चालेल. ऐकतेयस ना? चालेल म्हणजे, चालणार नाही, मला फार भीती वाटतेय. पण ते सांगणार नाही. एवढं एकच राहिलंय गं माझ्याकडे तुझं."

खरखर. मग एक चमत्कारिक आवाज, हसण्याचा की नाक ओढण्याचा ते फोनला झेपलं नाही.

"मेजर," ती म्हणाली, "चौकीवर गाडी पाठवा."

"उत्तर मिळालेलं नाही."

"मला मिळालं."

"वहिनी, ते बरोबर आहे हे मी कसं नोंदवू?"

"खोटा माणूस काहीतरी ठोकून देतो. पैज लावून सांगते, गिरणीवाल्याला विचारलंत तर तो चार उत्तरं देईल. हे आमचेच आहेत. फार दिवस भेटले नव्हते, म्हणून आवाज ओळखायला वेळ लागला," ती म्हणाली. "पाठवा आता. अंधार पडतोय."

गाडी आली. चौकीप्रमुखानं विश्वासरावांना जवळजवळ उचलूनच आत घातलं आणि दार बाहेरून लावलं. उसनी घेतलेली गाडीही पुलापाशी भेटली, ड्रायव्हर जखमीला सोडून परतताना वाट चुकला होता आणि डोंगरात त्याचा वायरलेसही लागत नव्हता. गिरणीवाल्यांच्या ताब्यात कुणीच नव्हतं, त्यांच्याकडे नुसतीच कार्यशाळेची पुस्तिका होती, हे मागाहून कळलं.

घरी पोचल्यावर मुलीनं मिठी मारली. बायकोनं मारली नाही, ती आत चहा ठेवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग तिनं बाल्कनीत दोन खुर्च्या टाकल्या. दोघं बसली. समोरच्या इमारतीतल्या मंडळींनी आपापल्या खिडक्या धरल्या.

"पुढची कार्यशाळा कधी आहे?" तिनं विचारलं.

"सोमवारी."

तिनं थोडा विचार केला. मग उठून बाल्कनीचं दार ओढून घेतलं, खुर्ची जवळ सरकवली आणि सांगायला सुरुवात केली. काय सांगितलं ते आपल्याला कळायला मार्ग नाही. समोरच्यांनी एवढंच पाहिलं की विश्वासराव ऐकत होते, चहावर साय धरली तरी ऐकत होते, आणि मध्ये एकदा त्यांनी मुद्दा मांडायला बोट वर केलं, ते हळूच खाली घेतलं.

सोमवारी चहाच्या सुट्टीनंतर घरच्या उदाहरणाची वेळ आली. मंडळी आशेनं बघू लागली. विश्वासरावांनी शेजाऱ्यांचं एक उदाहरण काढलं. ते साफ आपटलं, कारण शेजाऱ्यांबद्दल त्यांना काहीच माहिती नव्हती. उरलेला वेळ त्यांनी पंपाच्या वॉशरवर चर्चा घेतली.

कार्यशाळा संपली की लोक अभिप्राय लिहून देतात. त्यांचा गठ्ठा ते घरी घेऊन आले आणि मुलगी त्यातले वाचून दाखवू लागली. बहुतेकांनी जेवण बरं होतं असं लिहिलं होतं. एकानं मात्र मनापासून लिहिलं होतं: 'प्रशिक्षक सज्जन वाटले, पण स्वतःविषयी काही बोलत नाहीत. मनमोकळेपणा कमी.'

मुलगी फिदीफिदी हसली. बायकोनं तिच्या हातून तो कागद घेतला, एकदा वाचला, पुन्हा वाचला. विश्वासरावांची देशोदेशीची प्रशस्तिपत्रकं कपाटावर धूळ खात पडली होती. हा एकच कागद तिनं चुंबकानं फ्रिजवर लावला.